मर्ल नोस्केचा ट्रक आणि एकशे एकवीसचा आकडा

रंगाची टूम माझी नव्हती, एवढं काल सांगायचं राहून गेलं. ट्रकचं थोबाड निळं चकचकीत करायचं ही आयडिया महिला मंडळाची. मी फक्त चहा उकळत होतो आणि कोण काय चुकतंय ते ओरडून सांगत होतो. पण थांबा, काल तुमच्यातले निम्मे लोक मध्येच उठून गेले, आणि मर्ल नोस्के कोण हेच ज्याला ठाऊक नाही त्याला तिच्या ट्रकच्या रंगाचं काय कौतुक वाटणार? तेव्हा जरा मागून गाडी घेतो.

मर्ल आणि मी एका शाळेतले. शाळा म्हणजे काय, तर एक खोली, एक मास्तर आणि थंडीत शेकोटीजवळची एक जागा, जिच्यासाठी रोज सकाळी झोंबाझोंबी. ती जागा वर्षानुवर्षं मर्लनं कुणाला मिळू दिली नाही. धाकट्या भावाला मागं बसवून ती घोड्यावरून यायची, मास्तरांच्याही आधी पोचायची आणि त्या जागेवर दप्तर आपटून बसायची. मास्तर एकदा म्हणाले, "मर्ल, कधी दुसऱ्यालाही शेकू दे." तर म्हणते, "दुसऱ्यांना लवकर उठायला कुणी बंदी केलीय का?" तेव्हाच आम्ही ओळखलं होतं की ही बाई पुढं आमच्या वुलानुक गावाची डाक वाहणार.

तसंच झालं. डाकेचा ठेका खरं तर तिच्या नवऱ्याचा, ओटोचा. ओटो गेला तेव्हा शहरातून टपालखात्याचा एक माणूस आला आणि खाकरत खाकरत म्हणाला, की हे काम बाईला झेपायचं नाही, रस्ते मातीचे, ट्रक जुना, वाटेत मेंढ्या. मर्लनं त्याला चहा दिला आणि विचारलं, "ठेका ट्रकचा आहे की मिशांचा?" तो माणूस चहा संपवून निघून गेला आणि ठेका तिच्या नावावर झाला.

मंगळवारी आणि शुक्रवारी तिची फेरी. आमच्या मॅलीत, म्हणजे या खुरट्या झुडपांच्या कोरड्या मुलखात, घरं एकमेकांना दिसत नाहीत, दिसते ती फाटकावरची टपालपेटी. कुणाचा दुधाचा जुना कॅन, कुणाचा तेलाचा पिंप आडवा करून ठेवलेला. त्यात मर्ल पत्रं टाकायची, पाव ठेवायची, वर्तमानपत्र गुंडाळून खोचायची. ट्रॅक्टरचा पट्टा, मेंढ्यांचं जंताचं औषध, लग्नाचा केक, सगळं तिच्याच ट्रकमधून. म्हाताऱ्या बेर्टची कवळी शहरातून दुरुस्त होऊन आली तेव्हा तिनं ती पावांच्या पेटीत ठेवू दिली नाही, मांडीवर ठेवून नेली. का, म्हणून विचारलं, तर म्हणे, "वाटेत भूक लागली तिला तर?"

लोकांना वाटतं, डाकवाली म्हणजे पत्रं देऊन पुढं जाणारी. मर्ल पुढं जायची, पण पेटीत मागच्या फेरीची पत्रं तशीच पडलेली दिसली तर फाटक उघडून आत जायची. अशी एकदा गेली म्हणून विधवा ग्रेटा लिंडनर आज जिवंत आहे. ती बिचारी मोडका पाय घेऊन न्हाणीघरात पडली होती. मर्लनं तिला पावांच्या पेट्यांमध्ये गादी टाकून इस्पितळात नेलं, आणि त्या दिवशी पाव उशिरा मिळाले म्हणून कुरकुर करणाऱ्या एकालाही तिनं कारण सांगितलं नाही. ग्रेटानंच नंतर सगळ्यांना सांगितलं.

आता ट्रक. ओटोनं तो लढाईनंतर लष्कराच्या लिलावात घेतलेला. काटा अजून मैलांत, कारण देशात किलोमीटर आले ते त्या ट्रकला कुणी कळवलंच नाही. पन्नास मैलांवर काटा गेला की बॉनेट थरथरायचं, पंचावन्नला मागची फळकुटं टाळ्या वाजवायला लागायची, आणि साठ? साठ कुणी पाहिलेच नव्हते. मर्ल त्याला 'म्हातारी' म्हणायची. आम्हीही तेच म्हणायचो, फक्त कधी कधी कोण कुणाला म्हणतंय ते स्पष्ट करावं लागायचं.

त्या उन्हाळ्यात गावात नवा पोलीस आला. कॉन्स्टेबल क्विल्टी. शहरातला पोरगा, पहिलीच नेमणूक, स्वभावानं चांगला. क्रिकेटमध्ये त्याचा चेंडू इतका जोरात यायचा की आमच्या यष्टिरक्षकानं दोन-दोन हातमोजे चढवायला सुरुवात केली. आणि त्याच्याबरोबर आलं यंत्र. गाडीत काचेच्या आत बसवलेलं, भोंग्याच्या आकाराचं, समोर येणाऱ्या गाडीचा वेग लाल आकड्यांत दाखवणारं. क्विल्टीला त्या यंत्राचं इतकं कौतुक होतं की पहिल्या आठवड्यात तो लोकांना बोलावून बोलावून दाखवायचा. कब्रस्तानाच्या वळणावर मोठ्या पेपरकॉर्नच्या झाडाखाली गाडी लावायचा, माशांमुळं काचा वर, आतला पंखा फुल सोडलेला, आणि डोळे रस्त्यावर.

एका शुक्रवारी त्यानं मर्लला हात केला.

"मिसेस नोस्के, एकशे एकवीस."

"काय एकशे एकवीस?"

"किलोमीटर. ताशी. इथं शंभरची मर्यादा आहे."

"कुणाचे?"

"तुमचे."

मर्लनं आधी ट्रककडं पाहिलं, मग त्याच्याकडं. म्हणाली, "बाळा, हिला एकशे एकवीस करायचे असतील तर विमानात घालून खाली सोडावी लागेल."

"यंत्र खोटं बोलत नाही, मिसेस नोस्के."

"यंत्र बोलतच नाहीये. बोलतोयस तू."

पण क्विल्टीचा नाइलाज होता. आकडा दिसला की पावती फाडायची, हे त्याला शिकवलेलं. पावती फाडली.

इथं तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, दंड भरायचा आणि पुढं जायचं. तिथंच तर घोडं पेंड खात होतं. मर्ल काही संत नव्हती. ज्या रेल्वे फाटकावरून महिनोन्महिने गाडी जात नाही तिथं ती थांबली नव्हती, आणि नेमका पोलिसांचा वरचा साहेब मागच्या गाडीत होता. मागचा दिवा दोनदा विझलेला सापडला. आणि एकदा तर पोलीस चौकीसमोरच तिनं भर रस्त्यात ट्रक गर्रकन वळवला, कारण पाव दुकानातच विसरले होते. या सगळ्याचे दंडाचे गुण तिच्या लायसन्सवर चढलेले. आता हा एक आकडा वर पडला की लायसन्स सहा महिने जप्त. आणि लायसन्स नाही तर डाकेचा ठेका नाही. ठेका एकदा दुसऱ्याला गेला की गेला. मर्लकडून डाकेची फेरी काढून घेतली तर उरतं काय, हे आम्ही कुणी तोंडानं बोललो नाही, पण पबमध्ये त्या संध्याकाळी बिअर गरम होईपर्यंत कुणी ग्लास उचलला नाही.

फक्त आमचे पास्टर लोबे हळूच म्हणाले, "मलाही तिथंच धरलं होतं. एकशे एकोणीस."

"तुमच्या त्या डबड्यात?" मी म्हणालो. "पास्टर, तुम्ही उतारावर लागलात तरी मागून मेंढ्या ओव्हरटेक करतात."

"मी रविवारच्या प्रवचनाचा विचार करत होतो," पास्टर म्हणाले. "पाय कुठं होता, देवाला ठाऊक. भरून टाकला दंड."

मर्लनं मात्र दंड भरला नाही. कोर्टात उभी राहिली.

आमचं कोर्ट म्हणजे लाकडी फळ्यांची एक खोली, महिन्यातून एकदा उघडणारी. मॅजिस्ट्रेट एथरिज साहेब शहराहून यायचे. किडकिडीत माणूस, उन्हाचा जन्माचा वैरी, पण कान उघडे ठेवणारा. क्विल्टीनं साक्ष दिली. मग त्यानं खिशातून दोन बोटांचा एक पोलादी काटा काढला, सूर लावायला वाजवतात तसला. सांगितलं, की रोज सकाळी हा काटा वाजवून यंत्रासमोर धरायचा, त्याच्या कंपाला ठरलेला आकडा आला की यंत्र बरोबर. त्या सकाळी आकडा बरोबर आला होता.

मर्लनं विचारलं, "हा काटा कधी मातीच्या रस्त्यावरून पाव घेऊन आलाय का?"

लोक हसले. साहेब हसले नाहीत, पण त्यांची मिशी हलली. म्हणाले, "मिसेस नोस्के, माझ्यापुढं एकीकडं यंत्र आहे आणि एकीकडं तुमचा शब्द. यंत्राला प्रमाणपत्र आहे."

"मलाही आहे. तिसरीचं. पण साहेब, प्रमाणपत्रं राहू द्या, ट्रक बाहेर उभा आहे. तुम्ही स्वतः बघा तो किती पळतो ते."

साहेबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर म्हातारी उभी होती, एका डोळ्यानं म्हणजे एका दिव्यानं जरा खाली बघत. साहेब विचार करून म्हणाले, की ठीक, पुढच्या महिन्याच्या तारखेला आम्ही रस्त्यावर येऊ. तोच रस्ता, तोच ट्रक, ट्रक पळेल तेवढा पळवायचा. तो त्या आकड्याच्या जवळपासही जात नाही असं दिसलं तर यंत्राबद्दल मला शंका घ्यावी लागेल.

आम्ही बाहेर येऊन एकमेकांच्या पाठी थोपटल्या. खटला जिंकलाच होता की. म्हातारीला फक्त म्हातारी राहायचं होतं.

आणि इथंच वुलानुकनं वुलानुकपणा केला.

आमच्याकडं कुणावर वेळ आली की शनिवारी इर्जिक होते. कुणाचं कोठार जळालं, कुणाच्या घरी आजारपण आलं, तर न बोलावता माणसं हत्यारं घेऊन हजर, बायका केक घेऊन हजर, संध्याकाळपर्यंत काम फत्ते. तारखेच्या आधीच्या शनिवारी मर्ल बहिणीकडं गेली होती. ट्रक तिच्या अंगणात, किल्ली ट्रकमध्येच, आमच्याकडं असते तशी. पबमध्ये आदल्या दिवशी कुणीतरी सहज म्हणालं, "शहरातला साहेब त्या सीटवर बसणार, आणि सीटमधून स्प्रिंग वर आलीय. गावाची लाज जाईल."

झालं. सुरुवात झाली ती त्या स्प्रिंगपासून. सीट शिवायला दोघं गेले. सीट काढली तर खाली चिखल, म्हणून धुवायला आणखी चौघं. धुतल्यावर पत्र्याचा गंज दिसायला लागला, म्हणून महिला मंडळानं निळा रंग आणला. गावच्या धान्यकोठारावरच्या हमालांनी टायर बघितले, म्हणाले हवा कमी, भरून टाकली. एकानं चाकांना ग्रीस दिलं. आणि मग आला नॉर्म किटो.

नॉर्म हा आमचा मेकॅनिक. अबोल माणूस. दुसऱ्याचं इंजिन बेसूर वाजताना ऐकलं की त्याचा दात दुखल्यासारखा चेहरा व्हायचा. मर्लचा ट्रक त्याच्या गॅरेजसमोरून आठवड्यातून दोनदा खोकत जायचा आणि नॉर्म प्रत्येक वेळी डोळे मिटून घ्यायचा. मर्ल त्याला कधी इंजिनाला हात लावू द्यायची नाही, कारण तेवढे दिवस फेरी बंद राहिली असती. आज ट्रक रिकामा उभा होता. नॉर्म म्हणाला, "फक्त धूळ झटकतो," आणि त्यानं बॉनेट उघडलं.

हवेच्या जाळीत उंदराचं घरटं निघालं. जुनं, पिढीजात घरटं. नॉर्मनं ते असं काढलं जसा डॉक्टर पोटातून गोळी काढतो. मग कार्बोरेटर उतरवला, पेट्रोलमध्ये धुतला. मग प्लग बदलले. मग आणखी काय काय केलं ते त्यालाच ठाऊक, पण दुपारचे सॉसेज भाजून थंड झाले तरी त्याचं डोकं इंजिनातून वर आलं नाही. संध्याकाळी त्यानं किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात ट्रक चालू, आणि आवाज कसला, तर मांजरीनं उबेत बसून घुरघुरावं तसला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नॉर्मचे कान लाल झाले. आम्ही चहा प्यायलो, खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक खाल्ले, आणि आपण किती भली माणसं आहोत या आनंदात घरी जाऊन झोपलो.

एवढी माणसं होती तिथं. पास्टर होते, मी होतो. एकाच्याही टाळक्यात प्रकाश पडला नाही.

रविवारी दुपारी मर्ल आली. ट्रक बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि मर्लच्या डोळ्यांत पाणी मी ओटोच्या अंत्यविधीलाही पाहिलं नव्हतं. म्हणाली, "जरा चक्कर मारून येते." ट्रक फाटकातून असा सुटला की कोंबड्या कुंपणावर चढल्या. आम्ही सगळे कौतुकानं धूळ बघत उभे. बऱ्याच वेळानं ती परत आली, इंजिन बंद केलं, आणि खाली न उतरता तशीच बसून राहिली.

"काय गं?" मी विचारलं.

"क्लॅरी," ती म्हणाली, "हिनं सत्तर मैल गाठले."

"वा."

"आणि पायाखाली अजून जागा होती."

सत्तर मैल म्हणजे एकशे तेरा किलोमीटर, हा हिशेब अंगणात एकेकाच्या चेहऱ्यावर उमटत गेला. आधी पास्टर, मग कोठारावरचे. सगळ्यात शेवटी नॉर्मच्या. त्यानं टोपी काढली आणि ती दोन्ही हातांनी पिळायला लागला, जशी काही ओली होती.

मग सूचनांचा पाऊस. एक म्हणाला, धुराड्यात बटाटा कोंबू. दुसरा म्हणाला, जुने प्लग परत घालू. ते नॉर्मनं भंगारात टाकले होते आणि भंगारवाला सकाळीच येऊन गेला होता. मी म्हणालो, "घरटं परत ठेवा."

"जाळलं," नॉर्म म्हणाला.

"उंदीर कुठंयत?"

"क्लॅरी, तू गप बस," पास्टर म्हणाले. देवमाणूस, पण त्या दिवशी त्यांचाही तोल गेला.

शेवटी एकमत झालं, की काही बिघडवायला नको. मर्लनं फक्त पाय हलका ठेवायचा. पन्नास मैलांवर ट्रक नेऊन धापा टाकल्याचं नाटक करायचं. शहरातल्या साहेबाला काय कळणार?

मर्ल ट्रकमधून उतरली, नॉर्मपाशी गेली, म्हणाली, "इंजिन सुरेख केलंयस. ओटो असता तर रडला असता." आणि घरात गेली.

तारखेच्या दिवशी ऊन असं की झाडावरचे कावळे चोच उघडी टाकून बसलेले. अख्खं गाव कब्रस्तानाच्या वळणावर. घडीच्या खुर्च्या, छत्र्या, थंड पाण्याच्या बाटल्या, लहान पोरं, कुत्री. क्विल्टीनं आपली गाडी त्याच झाडाखाली लावली. एथरिज साहेब कोट घालून आले आणि दोन मिनिटांत कोटाला माशांनी काळी खडी काढल्यासारखी झाली. ट्रक रस्त्यावर लांब उभा, निळा, नवरदेवासारखा. मर्ल त्याच्यापाशी. जाणारा-येणारा तिच्या कानाशी लागत होता, "पाय हलका ठेव हं मर्ल," "पन्नासच्या वर नको." ती मान हलवत होती, हो की नाही ते कळत नव्हतं.

साहेबांनी बोलावलं तेव्हा ती चालत आली. टोपी सरळ केली आणि म्हणाली, "साहेब, सुरुवात करण्याआधी एक सांगायचंय. तुम्ही मागच्या महिन्यात पाहिला तो ट्रक हा नाही. म्हणजे ट्रक तोच आहे, पण या लोकांनी शनिवारी तो दुरुस्त केलाय. आता तो एकशे वीस काय, त्याच्यापुढंही जाईल. मी आजच्या आज पळवून दाखवीन. पण त्या दिवशी तो पळत नव्हता, आणि आता ते तुम्हाला दाखवायला माझ्यापाशी काही नाही."

गावातून असा आवाज निघाला, जसा मोठ्या फुग्यातून हवा सुटते. नॉर्मनं टोपी तोंडावर ओढली. माझी बायको मला म्हणाली, "वेडी आहे का ही?" मी म्हणालो, "शाळेतही अशीच होती." तिची फेरी, तिचा मंगळवार-शुक्रवार, सगळं त्या चार वाक्यांत तिनं स्वतः रस्त्यावर टाकलं होतं.

साहेब म्हणाले, "म्हणजे आजच्या धावेला काही अर्थ नाही."

"नाही, साहेब."

"दुसरा काही पुरावा?"

"नाही, साहेब."

"मग माझ्यापुढं फक्त यंत्र उरतं." त्यांनी रुमालानं मान पुसली. "एवढ्या उन्हात आलोय, तर निदान ते यंत्र तरी पाहू. कॉन्स्टेबल, त्या दिवशी तुम्ही जसे बसला होतात तसं सगळं मला करून दाखवा. अगदी तसंच."

क्विल्टी गाडीत बसला. साहेब शेजारी. मी, अर्थातच, खिडकीपाशी. मला कुणी हटकलं नाही, कारण मला हटकून उपयोग होत नाही हे क्विल्टीलाही एव्हाना कळलं होतं.

"काचा उघड्या होत्या?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब, वर होत्या. माशा."

"मग करा वर." काचा वर झाल्या. माझं नाक काचेला. क्विल्टीनं यंत्र चालू केलं. रस्ता रिकामा, आकडा नाही. लांब ट्रक उभा, आणि मर्ल त्याच्या मडगार्डला टेकून कुणीतरी दिलेला लॅमिंग्टन खात होती. खटला हरलेली बाई खाते तसा नाही, भूक लागलेली बाई खाते तसा.

साहेबांचा चेहरा आत उकडून लाल झाला. त्यांचे ओठ हलले, मला काचेतूनही कळलं, "पंखा?"

"होता साहेब, फुल."

"मग देवासाठी लावा."

क्विल्टीनं खटका ओढला. पंखा घरघरला, साहेबांचे केस उडाले, आणि यंत्रावर लाल आकडे जिवंत झाले. एकशे अठरा. एकशे वीस. एकशे एकवीस.

क्विल्टीनं रस्त्याकडं पाहिलं. रस्त्यावर काही नव्हतं, एक कुत्रं मध्ये बसून अंग चाटत होतं. त्यानं यंत्राकडं पाहिलं. एकशे एकवीस. आता पोरगा वाईट असता तर पटकन काहीतरी बंद करून टाकता आलं असतं त्याला. पण त्यानं काच खाली केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "साहेब, ट्रक उभा आहे. आणि यंत्र एकशे एकवीस दाखवतंय."

साहेबांनी हात पुढं करून पंखा बंद केला. आकडा गेला. चालू केला, आकडा आला. बंद, चालू, बंद, चालू. कोट घातलेला एवढा मोठा माणूस, पण तोंडावर आनंद, पहिल्यांदा वीज बघितलेल्या पोराच्या तोंडावर असतो तसा.

तर असं होतं बघा. यंत्र खोटं नव्हतंच. पोलादी काट्याचा आकडा बरोबर, पंख्याच्या पात्यांचाही बरोबर. त्याला दिलेलं काम म्हणजे फिरतंय ते मोजायचं. गाडी जवळ आली की ते गाडी मोजायचं. पण क्विल्टीचे डोळे रस्त्यावर, रस्ता रिकामा असताना तो यंत्राकडं बघायचाच नाही; आणि घाईचा, गाडी ठिपक्याएवढी लांब असतानाच आकडा पकडायचा, आणि तेवढ्या लांबचं काही यंत्राला नीट लागायचं नाही. मग नाकासमोर गरगरणारा पंखा ते इमानानं मोजून द्यायचं. सकाळी गारव्यात काटा वाजवून तपासणी व्हायची तेव्हा पंखा बंद असायचा. दुपारी पंखा फुल, आणि जो लांबून दिसेल तो एकशे एकवीस.

ही बातमी खुर्च्यांवरून अशी पसरली की छत्र्या उलट्या झाल्या. कोठारावरच्या दोघांनी नॉर्मला उचललं, का ते त्यांनाही माहीत नसावं. पास्टर लोबे मात्र जागच्या जागी खिळले होते.

"एकशे एकोणीस," ते पुटपुटले. "मी त्यावर प्रवचनसुद्धा दिलं. घाईच्या पापावर."

मर्ल लॅमिंग्टनचा चुरा झटकत तिथून जात होती. म्हणाली, "पास्टर, न केलेल्या पापाची कबुली दिलीत तुम्ही. ती पुढच्यासाठी जमा धरतात का विचारून बघा."

साहेबांनी निकाल रस्त्यावर दिला नाही. सगळ्यांना त्या फळ्यांच्या खोलीत नेलं, खुर्चीत बसले, तोंडावर गांभीर्य चढवलं आणि खटला काढून टाकला. त्या यंत्रावर त्या झाडाखाली धरलेल्या सगळ्यांचे कागद परत तपासा, असंही सांगितलं. क्विल्टी मर्लसमोर येऊन टोपी काढून उभा राहिला. मर्लनंच त्याचा हात हातात घेतला. "मोठ्यानं बोललास, बरं केलंस," म्हणाली. "नाहीतर तुझं पत्र मी पेटीऐवजी धुळीत टाकलं असतं."

आम्ही बाहेर आलो. ट्रकभोवती गर्दी, कुणी बॉनेट थोपटतंय, कुणी बिअरचा क्रेट उघडतंय, नॉर्म मागं उभा राहून उगाचच एक बोल्ट घट्ट करतोय. एथरिज साहेब आपल्या गाडीत बसता बसता थांबले आणि मर्लपाशी आले. कोट काढलेला, बाह्या वर केलेल्या.

"मिसेस नोस्के, आता खटला नाही, म्हणून विचारतो. तुम्ही पाय हलका ठेवला असतात, तर मला काही म्हणजे काही कळलं नसतं. तुमचा ठेका जाणार होता. मग सांगितलंत का?"

मागं नॉर्मचा पाना थांबला. मर्लनं टोपीखालून साहेबांकडं पाहिलं आणि म्हणाली:

"साहेब, नॉर्मनं शनिवारचा अख्खा दिवस त्या इंजिनात डोकं घातलं होतं. मी गाडी मुद्दाम रखडत, खोकत आणली असती तर सगळ्या गावादेखत त्याच्या कामाची शोभा झाली असती. ठेका गेला असता तर चार दिवस रडले असते आणि कोंबड्या पाळल्या असत्या. पण हा एकदा रुसून बसला, तर इथून पुढं शंभर किलोमीटरमध्ये दुसरा मेकॅनिक नाही, आणि मला अजून दहा वर्षं गाडी चालवायची आहे."